विजेचे गिरमिट

पूर्वी लाकडाला भोक पाडावयाचे असले, म्हणजे सुतार हाताने गिरमिट फिरवीत असे. आता ते काम विजेचे ड्रिल क्षणार्धात करते. हातात धरून वापरता येणारे असे यंत्र १८९५ साली जर्मनीतील स्टुटगार्ट येथे तयार झाले. आज ते अनेक घरांत आढळते.

या यंत्राचे टोक मिनिटाला दोन-तीन हजार फेरे घेऊ शकते. सैल बाही, ओढणी किंवा मोकळे केस त्यात सापडले, तर सोडविण्यास अवधीच मिळत नाही. हातमोजेही याच कारणासाठी घालू नयेत. डोळ्यांत कण उडू नयेत म्हणून संरक्षक चष्मा मात्र अवश्य लावावा. लाकूड शिकंज्यात घट्ट आवळावे. एरवी टोक अडकताच लाकूडच गरगर फिरू लागते.

भिंतीत विजेच्या तारा दडलेल्या असतात. बटणांच्या सरळ वर वा खाली भोक पाडू नये; २३० व्होल्टांची वीज प्राणघातक ठरू शकते. टोक बदलण्यापूर्वी प्लग काढावा. नाहीतर चुकून कळ दाबली गेली, की यंत्र हातातच फिरू लागते.

मुलांनी वडीलधाऱ्यांवाचून हे यंत्र हाती घेऊ नये. लाकूड कोणते आणि बोट कोणते, हे यंत्राला कळत नाही. ते चालविणाऱ्यानेच ओळखावयाचे असते.