कच्चे मांस व घरची दक्षता

मुंबईच्या पूर्व उपनगरात देवनार येथे महानगरपालिकेचा कत्तलखाना आहे. पूर्वी हे काम वांद्रे येथे चालत असे; १९७१ साली देवनारचा कत्तलखाना सुरू झाला. कत्तलीपूर्वी पशुवैद्य जनावर तपासतात. कत्तलीनंतर यकृत, फुप्फुसे इत्यादी अवयव पाहून मांस खाण्यास योग्य ठरले, म्हणजेच त्यावर शिक्का उमटतो. खेड्यातील आठवडे बाजारात अशी सोय सर्वत्र असतेच असे नाही. तथापि शिक्का असो वा नसो, पुढील गोष्ट शिक्षकांनी ध्यानी घ्यावी. शिक्का जनावराच्या प्रकृतीची ग्वाही देतो. त्यानंतर मांसाला काय काय लागले, हे तो सांगू शकत नाही.

निरोगी जनावराच्या आतील मांसात सूक्ष्मजंतू जवळजवळ नसतात. ते असतात कातड्यावर, खुरांवर व आतड्यांत. कातडे सोलताना व कोठा काढताना ते मांसाच्या पृष्ठभागावर येतात. पुढे सुरी, लाकडी ठोकळा, फडके, माश्या व विक्रेत्याचे हात यांची भर पडते. जुलाब, उलट्या व ताप आणणारे साल्मोनेला हे जंतू अशाच मार्गाने घरात शिरतात. लहान मुलांना त्यांचा त्रास अधिक होतो. खिम्यात पृष्ठभागावरचे जंतू आतपर्यंत मिसळले जातात, म्हणून खिमा विशेष जपावा.

अनुकूल उष्णतेत काही जंतू सुमारे २० मिनिटांत दुप्पट होतात. सकाळी ६ वाजता असलेल्या एका जंतूचे दुपारी १२ पर्यंत २,६२,१४४ जंतू होतात. वरच्या वर्गास हे उदाहरण फळ्यावर करावयास द्यावे. उशिरा आणलेले व उघड्यावर टांगलेले मांस का टाळावे, हे मुलांना आपोआप कळेल. थंडीने जंतूंची वाढ मंदावते वा थांबते, परंतु ते सर्व मरत नाहीत. मांस आतपर्यंत चांगले शिजले म्हणजे बहुतेक रोगजंतू नष्ट होतात. मात्र काही जंतूंनी आधीच सोडलेले विष उकळूनही जात नाही. म्हणून फार वेळ उघडे राहिलेले मांस शिजवून सुधारेल, हा समज चुकीचा आहे.

घरातील सर्वांत मोठा धोका विळीचा. ज्या विळीवर मांस चिरले, तिच्यावरच न धुता कोशिंबिरीचा कांदा चिरला, तर रस्सा उकळूनही उपयोग होत नाही. जंतू कांद्यावाटे पोटात जातात. यास्तव कांदा व कोथिंबीर आधी चिरावी, मांस शेवटी. नंतर विळी, पाट व हात साबणाने धुवावेत. कच्चे मांस नळाच्या धारेखाली धुऊ नये, कारण शिंतोड्यांबरोबर जंतू आसपासच्या भांड्यांवर उडतात.

हा पाठ देताना कोणाच्या आहाराची निंदा होणार नाही, याची शिक्षकांनी काळजी घ्यावी. ज्या घरात मांस शिजते त्या घरच्या मुलालाच या ज्ञानाची गरज अधिक. आणि मान खाली घालून बसलेले मूल ते घरी नेत नाही.