सुकाणू कोणाच्या हाती?

काही वर्षांपूर्वी वीज गेली आणि एका इमारतीच्या लिफ्टमध्ये आम्ही पाच जण अडकलो. कोणी कोणाच्या ओळखीचं नव्हतं. पाच मिनिटांत एक गृहस्थ आमचे पुढारी झाले. त्यांना लिफ्टमधलं काही कळत होतं असं नाही; आवाज मोठा होता, एवढंच. तेव्हापासून अडकलेल्या अनोळखी माणसांचे थरारपट मी वेगळ्या नजरेने पाहू लागले. त्यांत खरी भीती भिंतींची नसते. ऐकायचं कोणाचं, हा पेच असतो.

हिचकॉकचा ‘लाइफबोट’ (१९४४) घ्या. जर्मन पाणबुडीने बुडवलेल्या जहाजातले लोक एका होडीत आहेत आणि त्यांच्यात त्याच पाणबुडीवरचा विली. त्याला समुद्र कळतो. एकाचा सडत चाललेला पायही तोच कापून काढतो. साहजिकच होडी त्याच्या ताब्यात जाते. त्याने होकायंत्र आणि पाणी लपवून ठेवलंय, हे फार उशिरा उघड होतं. ऐन युद्धात शत्रूच सर्वांत कर्तबगार दाखवला, म्हणून अमेरिकेत चित्रपटावर टीका झाली. मला मात्र टीकाकारांना खुपलं तेच त्याचं बळ वाटतं. अडल्यावेळी आपण जाणत्याच्या हाती सुकाणू देतो आणि त्याचा हेतू विचारायचं राहून जातं. पुढे विलीवर सगळे तुटून पडतात, तेव्हा कृष्णवर्णीय जो तेवढा त्या खुनात हात घालत नाही.

सिडनी लुमेटच्या ‘१२ अँग्री मेन’मध्ये (१९५७) जाणता कोणीच नाही, आहे तो एकाचा संशय. ज्युरींच्या खोलीला बाहेरून कुलूप, वर उकाडा. आधी कॅमेरा डोळ्यांच्या पातळीच्या वर, मग पातळीवर, शेवटी खाली, म्हणजे छतही दिसू लागतं. जोडीला लुमेटने लेन्स अधिकाधिक लांब पल्ल्याच्या वापरल्या. त्यामुळे मागची भिंत माणसांच्या पाठीला येऊन भिडते. खोली तेवढीच असते, आपला जीव मात्र गुदमरतो. (बासू चॅटर्जींचा ‘एक रुका हुआ फैसला’ याच कथेवरचा; तो आपल्याकडे पुष्कळांनी पाहिलाय.) बारांपैकी दोघांची नावं आपल्याला कळतात, तीही सुटल्यावर, कोर्टाच्या पायऱ्यांवर.

आणि विन्चेन्झो नताली यांचा ‘क्यूब’ (१९९७). जवळजवळ सगळा चित्रपट चौदा फुटी चौकोनी खोलीच्या एकाच सेटवर, नुसते रंगीत पडदे बदलून उभा केलेला. इथे खलनायक दिसतच नाही. वर्थ नावाचा माणूस कबूल करतो की या सापळ्याचं बाहेरचं कवच आपणच आखलं. कशासाठी, हे विचारलं नव्हतं. पुढारीपण घेतो तो पोलीस क्वेंटिन, आणि जीव घेऊ लागतो तोही तोच. ज्या कझानला सगळे ओझं समजतात, तो संख्येचे मूळ अवयव किती हे क्षणात सांगतो. शेवटी उजेडात एकटा तोच चालत जातो.