वाघ तुमचा माल नाही! ताडोबाच्या होमस्टेवाल्यांसाठी सोळा तासांचा हिशेब



मागच्या व्हिडिओत आपण छोट्या दुकानाच्या उधारीबद्दल बोललो. त्याखाली एका ताईंचा प्रश्न आला होता, "सर, आमचा होमस्टे आहे, आमच्यासाठी काही सांगा ना." योगायोग असा की त्यानंतर चंद्रपूर जिल्ह्यात एका प्रशिक्षणाला गेलो आणि ताडोबाच्या बफरमधल्या गावात तशाच एका घरी मुक्कामाला राहिलो. गावाचं आणि कुटुंबाचं नाव लिहीत नाही, त्यांनीच तशी विनंती केली आहे.

घर साधं. पुढे सारवलेलं अंगण, कडुनिंबाचं झाड, मागच्या बाजूला बांधलेल्या तीन नव्या खोल्या. प्रत्येक खोलीला संडास-बाथरूम, खिडकीला कूलर. नवरा शेती बघतो आणि जिप्सी चालवतो, बायको होमस्टे बघते. रात्री जेवण झाल्यावर ताईंनी मोबाईल माझ्यापुढे धरला. एका पाहुण्याने एकच तारा दिला होता. कारण काय? दोन सफारी केल्या, वाघ दिसला नाही!

ताई म्हणाल्या, "सर, वाघ नाही दिसला तं मी का करू? वाघ का माह्या गोठ्यात बांधला हाय?"

आम्ही सगळे हसलो. पण ताई हसत नव्हत्या. त्या एका ताऱ्यानंतर पुढच्या दोन शनिवार-रविवारी खोल्या रिकाम्या गेल्या होत्या, आणि कर्जाचा हप्ता काही थांबत नाही.

त्या रात्री आम्ही वही घेऊन बसलो. तोच हिशेब आज तुमच्यासमोर मांडतोय.

आधी धंदा समजून घ्या

आपल्याकडे पाहुण्याला पैसे घेऊन घरात उतरवणं नवीन नाही. कोकणात गुहागर, गणपतीपुळ्याकडे गेलात की "घरगुती राहण्याची व जेवणाची सोय" अशा पाट्या दिसतातच. विदर्भात हे उशिरा आलं आणि ते आलं जंगलामुळे.

ताडोबा 1955 साली राष्ट्रीय उद्यान झालं, महाराष्ट्रातलं पहिलं. अंधारी अभयारण्य 1986 मध्ये आलं आणि 1995 मध्ये दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. सुरुवातीला पाहुणा यायचा तो चंद्रपूरच्या लॉजमध्ये नाहीतर सरकारी विश्रामगृहात उतरायचा. मग मोहर्ली, कोलारा या फाटकांजवळ रिसॉर्ट उभे राहिले, आणि त्यांच्या मागोमाग गावातल्या घरांनी एक-दोन खोल्या काढल्या.

म्हणजे तुमची स्पर्धा कोणाशी आहे? एका बाजूला पोहण्याचा तलाव असलेला रिसॉर्ट, दुसऱ्या बाजूला शेजारच्या गल्लीतला होमस्टे. रिसॉर्टशी तुम्ही सोयींत जिंकू शकत नाही. म्हणून बहुतेक जण काय करतात? शेजाऱ्याशी भावात लढतात. इथेच घात होतो.

तीनशे रुपयांची सूट कितीला पडते?

आता वही-पेन घ्या. आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत, तुम्ही तुमचे टाका.

कोअर भाग 1 ऑक्टोबरपासून 30 जूनपर्यंत उघडा असतो. म्हणजे 273 दिवस. पावसाळ्यात कोअर बंद. बफरची काही फाटकं सुरू असतात, पण गर्दी कमी, म्हणून आत्ता ते सोडून देऊ.

तीन खोल्या गुणिले 273, झाल्या 819 खोली-रात्री. सगळ्या भरणार नाहीत. मंगळवारी कोअर बंद असतो, परीक्षांच्या दिवसांत कुटुंबं येत नाहीत. शंभरातल्या चाळीस भरल्या असं धरू. म्हणजे साधारण 328 रात्री.

भाडं दोघांचं, रात्रीचं जेवण आणि नाश्ता धरून 1,800 रुपये. खर्च असा: जेवण-नाश्ता 500, वीज 150, चादरी धुणं 100, मदतनीस 150, बुकिंग ॲपचं कमिशन 15 टक्क्यांनी 270. एकूण 1,170. हातात राहिले 630.

630 गुणिले 328 म्हणजे 2,06,640 रुपये. कर्जाचा हप्ता महिन्याला 9,000 धरला तर वर्षाचे 1,08,000 गेले. उरले 98,640. महिन्याला 8,220.

आता शेजाऱ्याने भाव पाडला म्हणून तुम्हीही 1,500 केले. "तीनशेच तर कमी केले सर!" बरोबर. पण जेवणाचा, विजेचा खर्च तोच. कमिशन 225 झालं, एकूण खर्च 1,125. हातात 375. गुणिले 328 म्हणजे 1,23,000. हप्ते वजा केले की उरले 15,000.

महिन्याचे नाही मित्रांनो, अख्ख्या वर्षाचे!

भाडं सहाव्या हिश्श्याने कमी केलं आणि कमाईचे सहा भागांतले पाच भाग गेले. आणि यात ताईंची स्वतःची मजुरी धरलेलीच नाही. पहाटे चारला उठून सफारीवाल्यांना चहा देणारी बाई, दुपारी स्वयंपाक करणारी बाई, रात्री अकराला भांडी आवरणारी बाई, तिचा पगार शून्य. हे मी म्हटलं तेव्हा ताईंचा नवरा बराच वेळ वहीकडे बघत राहिला.

तुमच्याकडे विकायला काय आहे?

एक सफारी साधारण चार तासांची. सकाळची आणि दुपारची दोन्ही केल्या तरी आठ तास. दिवस चोवीस तासांचा. उरलेले सोळा तास पाहुणा कुठे असतो?

तुमच्या घरात.

वाघ जंगलाचा. सफारीचं तिकीट वन विभागाचं. जिप्सी आणि गाईडचे पैसे वेगळे. तुमचा माल हे सोळा तास आहेत. ज्याचा ताबा तुमच्याकडे नाही त्याचं आश्वासन द्यायचं नाही. "या, वाघ नक्की दाखवतो" असं ज्याने फोनवर म्हटलं, त्याने स्वतःच्या हाताने एक तारा लिहून ठेवला.

मग सोळा तासांत काय द्यायचं? ताई म्हणाल्या, "पाहुणे शहरातले, म्हणून पनीर करतो." मी विचारलं, आज माझ्या ताटात जो भात होता तो कुठला? "घरचाच. एचएमटी."

अहो, इथेच तर खजिना आहे! एचएमटी तांदूळ शोधणारे दादाजी खोब्रागडे याच जिल्ह्यातले, नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे. दीडेक एकराचा शेतकरी. शेतात वेगळ्या दिसलेल्या लोंब्या निवडून, जपून, पुन्हा पुन्हा पेरून त्यांनी हे वाण तयार केलं. त्या काळात एचएमटी घड्याळाची क्रेझ होती, तेच नाव तांदळाला मिळालं. देशभर हा तांदूळ पिकला. दादाजी 2018 साली गेले. पुण्या-मुंबईचा माणूस हा भात दुकानातून विकत घेऊन खातो आणि तो कुठून आला हे त्याला माहीत नसतं. तुम्ही वाढताना दोन मिनिटांत सांगितलंत, तर तो भात त्याच्या लक्षात राहतो. पनीर त्याला घरीही मिळतं.

पाटवडीचा रस्सा करा, सांबारवडी करा. मोहफुलं सुकवलेली असतील तर दाखवा. कोलाऱ्याच्या बाजूला असाल तर चिमूर जवळ आहे. ऑगस्ट 1942 मध्ये तिथे इंग्रजांविरुद्ध उठाव झाला, ते गाव दाखवा. मोहर्लीच्या बाजूला असाल तर आगरझरीचं फुलपाखरू उद्यान आहे, चंद्रपूरचा गोंडकालीन किल्ला आणि महाकाली मंदिर आहे. दुपारी 45 अंशांत पाहुणा कुठे जाणार नाही, तेव्हा कूलरसमोर झोपू द्या. पण कूलर चालला पाहिजे! वीज गेली तर इन्व्हर्टर हवा. एप्रिल-मे मध्ये पाणवठ्यावर वाघ दिसण्याची शक्यता जास्त म्हणून गर्दी तेव्हाच असते, आणि तक्रारीही तेव्हाच.

ज्या वाघासाठी पाहुणा येतो, त्याच वाघाची भीती

आता थोडं गंभीर बोलू.

चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या गावांत वाघ म्हणजे फक्त फोटो नाही. मोहफुलं वेचायला, तेंदूपत्ता तोडायला पहाटे जंगलात गेलेली माणसं परत आली नाहीत, अशी घरं इथे आहेत. ताईंच्या सासूबाई आता मोहाला जात नाहीत. का, ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

ताडोबा हे नावच बघा. तारू नावाचा गावप्रमुख वाघाशी झुंजताना गेला, लोकांनी त्याला देव मानलं, तलावाकाठी त्याचं स्थान आहे, अशी इथली कथा. म्हणजे इथल्या माणसाचं वाघाशी नातं पर्यटनाच्या कितीतरी आधीचं आहे. भीतीचं आहे, मानाचंही आहे.

हे पाहुण्याला सांगायचं की नाही? माझं मत, सांगायचं. घाबरवण्यासाठी नाही, समजावं म्हणून. ताईंच्या घरी एक नियम आहे. अंधार पडला की पाहुण्याने एकट्याने अंगणाबाहेर पाऊल टाकायचं नाही. फोनला रेंज नसली तरी नाही, सिगारेट प्यायची असली तरी नाही. पूर्वी हे सांगायला त्यांना संकोच वाटायचा, पाहुणा नाराज होईल म्हणून. मी म्हटलं, ताई, हा नियम चेक-इनलाच सांगा, कारणासकट सांगा. पाहुण्याला कळतं की आपण एका खऱ्या गावात आलोय, आणि या घरातली माणसं आपली काळजी घेतायत.

बुकिंगच्या आधी पाठवायचा मेसेज

त्या रात्री आम्ही मिळून हा मेसेज लिहिला. तुमच्या शब्दांत बदलून वापरा:

"नमस्कार. आमच्या घरी तुमचं स्वागत आहे. वाघ दिसणं आमच्या हातात नाही, तसं आश्वासन आम्ही देत नाही. स्वच्छ खोली, चालू कूलर, घरच्या तांदळाचं गरम जेवण आणि पहाटेचा वेळेवर चहा, हे आमचं आश्वासन. मंगळवारी कोअर बंद असतो, सफारीचं बुकिंग आधी करून मगच खोली घ्या. रात्री गाणी लावता येणार नाहीत. गाव जंगलाला लागून आहे."

"याने दोन-चार बुकिंग जातील ना सर?" ताईंच्या नवऱ्याने विचारलं. जातील. पण जातील ते तेच, जे एक तारा देऊन गेले असते.

भाव पाडायचा नसेल तर गावाने बसायला हवं

एकट्याने भाव धरून ठेवणं अवघड आहे, हे मला मान्य आहे. लडाखमध्ये हिमबिबट्याच्या प्रदेशातल्या गावांनी होमस्टे सुरू केले, तेव्हा पाहुणे पाळीपाळीने घरांना वाटून देण्याची पद्धत बसवली. आज तुमच्याकडे, उद्या शेजारी. भाव एकच.

लडाख लांब वाटतं? मग शेजारच्या गडचिरोलीत बघा. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला, बांबू विकण्याचा अधिकार मिळवला. त्यांची ग्रामसभा निर्णय बहुमताने नाही, सर्वसहमतीने घेते. बांबूवर जे जमलं ते पाच-सात होमस्टेवाल्यांना एका ओट्यावर बसून का जमू नये? किमान भाडं ठरवा. आपलं घर भरलं की पाहुणा शेजाऱ्याकडे पाठवा. तो तुमचा प्रतिस्पर्धी नाही, तुमची चौथी खोली आहे.

आजचा गृहपाठ

1. वरचा हिशेब स्वतःच्या आकड्यांनी करा. घरातल्या बाईची मजुरी त्यात लिहा.
2. प्रत्येक पाहुण्याचा नंबर वहीत ठेवा आणि पुढच्या वेळी थेट फोन करायला सांगा. आपल्या उदाहरणात तिसरा हिस्सा, म्हणजे 109 रात्री, थेट आल्या तर कमिशनचे 29,430 रुपये वाचतात. तीन महिन्यांचे हप्ते निघाले!
3. कागदपत्रं पूर्ण करा. पर्यटन विभागाची न्याहारी व निवास योजनेची नोंदणी, जेवण देता म्हणून अन्न परवान्याची नोंदणी. परदेशी पाहुणा आला तर 24 तासांत ठरलेला फॉर्म भरायचा असतो.
4. ताटातल्या एका पदार्थाची खरी गोष्ट शोधा आणि ती पाहुण्याला सांगायचा सराव करा.

निघताना ताईंनी त्या एका ताऱ्याखाली उत्तर लिहिलं, मला वाचून दाखवलं. भांडण नाही, माफी नाही. "दादा, वाघ दिसला नाही याचं आम्हालाही वाईट वाटलं. जेवण, खोली, चहा यात काही कमी राहिलं असेल तर सांगा, ते आम्ही सुधारू. पुन्हा या, भात आमच्याकडून."

मी गाडीत बसलो तेव्हा एका नव्या पाहुण्याचा फोन आला होता. ताई अंगणात उभ्या राहून स्पष्ट आवाजात सांगत होत्या, "नाही दादा, वाघाची गॅरंटी नाही. जेवणाची आहे."

तुमच्या होमस्टेचा हिशेब काय निघाला, ते खाली नक्की लिहा. पुढच्या व्हिडिओत पावसाळ्याच्या तीन महिन्यांचं नियोजन बघू. तोपर्यंत धंदा करा, पण वही घेऊन करा!