मीठ संपत नाही आणि पाणीही मऊ होत नाही? 'रेझिन गेलं' म्हणण्याआधी घरच्या सॉफ्टनरमध्ये हे तपासा

गोंदिया शहराला लागूनच फुलचूर आहे. अशा वाढत्या गावात घर बांधायला काढलं, की पहिल्यांदा बोअर मारला जातो. पाणी लागलं की सगळे खूश. पुढे वर्षभरात नळाच्या तोटीवर पांढरा थर दिसायला लागतो, गिझर आवाज करायला लागतो, तुरीची डाळ शिजता शिजत नाही, अंगाला साबण लावला तर फेसाऐवजी चिकट साय येते. मग कुणीतरी सांगतं, सॉफ्टनर बसवून घ्या.

सॉफ्टनर बसतो, पाणी मऊ होतं. आणि दीड-दोन वर्षांनी साबण पुन्हा रुसतो. मेकॅनिक येतो, टाकीला हात लावतो आणि म्हणतो, "रेझिन गेलं, बदलावं लागेल." खर्च काही हजारांत.

खरंच रेझिन गेलेलं असतं का? कधी असतं. पण चांगलं वापरलेलं रेझिन बरीच वर्षं चालतं. अनेकदा ते धडधाकट असतं, फक्त त्याच्यापर्यंत मिठाचं पाणी पोहोचलेलं नसतं. हा फरक घरबसल्या ओळखता येतो.

आधी मशीन काय करतं ते बघू

उभी लांबुळकी टाकी असते तिच्यात मोहरीपेक्षाही बारीक, सोनेरी-तपकिरी मणी असतात. तेच रेझिन. हे एक प्रकारचं प्लॅस्टिक आहे आणि प्रत्येक मण्यावर सोडियम चिकटलेलं असतं. जड पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मण्याजवळ आले, की मणी त्यांना धरून ठेवतो आणि बदल्यात सोडियम सोडतो. गाळणं असं काही होत नाही, होते ती अदलाबदल.

काही दिवसांनी मण्यांवरचं सोडियम संपतं. मग शेजारच्या टाकीतलं मिठाचं दाट पाणी त्यांच्यावरून सोडतात. मिठात सोडियम भरपूर, त्यामुळे अदलाबदल उलटी होते. कॅल्शियम सुटून मोरीत जातं आणि मणी पुन्हा तयार. याला रिजनरेशन म्हणतात. रेझिन यात खर्च होत नाही. खर्च होतं ते मीठ.

म्हणून पहिला प्रश्न रेझिनचा नाहीच. पहिला प्रश्न असा, की मिठाच्या टाकीतलं मीठ कमी होतंय का? महिना झाला आणि मीठ होतं तिथेच आहे, तर रेझिनला दोष देऊ नका.

टीडीएस मीटर बाजूला ठेवा

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. घरोघरी पेनासारखं टीडीएस मीटर आलंय. सॉफ्टनरच्या आधी ६००, नंतरही ६००, म्हणजे मशीन बंद, असं लोक ठरवून टाकतात. पण सॉफ्टनर क्षार काढून टाकत नाही, एक देऊन दुसरा घेतो. त्यामुळे उत्तम चालणाऱ्या सॉफ्टनरमध्येही टीडीएस जवळपास तेवढाच राहतो. टीडीएस कमी करणं हे आरओचं काम. त्यामुळे कुणी टीडीएस मीटर दाखवून 'सॉफ्टनर खराब झाला' म्हणत असेल, तर एकतर त्याला माहीत नाही किंवा त्याला काहीतरी विकायचंय.

मोजायचा असतो तो कठीणपणा, हार्डनेस. त्याचं छोटं किट मिळतं. पाण्याच्या नमुन्यात रंगाचं औषध टाकलं की पाणी दारूसारखं लालसर होतं, मग दुसऱ्या बाटलीतले थेंब मोजत टाकायचे. लाल रंग जाऊन निळा झाला की थेंबांच्या संख्येवरून हार्डनेस कळतो. एकदा बोअरच्या पाण्याचा काढायचा, एकदा सॉफ्टनरनंतरच्या पाण्याचा. किट नसेल तर बाटलीत अर्धं पाणी घ्या, अंगाच्या साबणाचा थोडा कीस टाका आणि जोरात हलवा. मऊ पाण्यात दाट फेस टिकतो, जड पाण्यात दही फुटल्यासारखी साय येते. कपड्यांची पावडर किंवा लिक्विड वापरू नका, त्यांचा फेस जड पाण्यातही होतो.

बोअरच्या पाण्याची नीट तपासणी एकदा तरी करून घ्यावी. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा जिल्ह्याच्या ठिकाणी आहेत. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याचा हार्डनेस लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा, दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालतो. आणि शेजाऱ्याचा रिपोर्ट आपल्याला चालेल असं समजू नका. महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या बेसॉल्ट खडकावर आहे, पण गोंदियाकडचा पट्टा त्याहून कितीतरी जुन्या, टणक खडकांचा आहे. अशा खडकात पाणी भेगांमध्ये असतं. एका बोअरची भेग वेगळी, बाजूच्या बोअरची वेगळी.

हिशेब जमतो का?

समजा हार्डनेस ४०० आहे आणि घरात रोज ५०० लिटर पाणी सॉफ्टनरमधून जातं. म्हणजे दिवसाला २०० ग्रॅम कठीणपणा काढायचा. घरगुती वापरात एक लिटर रेझिन साधारण ५० ग्रॅम काढतं. टाकीत २५ लिटर रेझिन असेल तर एका वेळेची ताकद १,२५० ग्रॅम, म्हणजे सहा दिवस. हेडवर रिजनरेशन दर पंधरा दिवसांनी लावलेलं असेल तर उरलेले नऊ दिवस जड पाणीच येणार. मशीन बिघडलेलं नाही, सेटिंग चुकलंय. बाहेरून आलेल्या काही हेडवर हार्डनेस 'ग्रेन'मध्ये भरावा लागतो. मिलिग्रॅमच्या आकड्याला १७ ने भागायचं. ४०० चे साधारण २३ ग्रेन होतात. तिथे कुणी सरळ ४०० टाकले, तर मशीन सारखं रिजनरेशन करत बसतं आणि मीठ व पाणी दोन्ही वाया जातं.

जाता जाता, हाच हिशेब नळाला किंवा शॉवरला लावायच्या त्या छोट्या 'सॉफ्टनर फिल्टर'लाही लावून बघा. त्यात २०० मिलिलिटर रेझिन धरलं तरी ४०० हार्डनेसचं पाणी जेमतेम २५ लिटर मऊ होईल. दीड बादली.

मीठ उतरत नाही, त्याची कारणं

सगळ्यात सोपं कारण आधी. बायपासचा कॉक. प्लंबर काहीतरी कामासाठी येतो, बायपास उघडतो आणि तसाच सोडून जातो. पाणी सॉफ्टनरला वळसा घालून घरात येत राहतं आणि मीठ अर्थातच संपत नाही.

दुसरं कारण मिठाचं कवच. पावसाळ्यात हवेतल्या ओलाव्यानं मीठ घट्ट होतं आणि टाकीत मध्येच छतासारखं अडकतं. वरून बघितलं तर टाकी भरलेली दिसते, खाली पोकळी असते. केरसुणीच्या दांड्यानं हळूच दाबून बघा, दांडा धपकन खाली गेला तर कवच होतं. मोकळं करा. पहारीनं ठोसे मारू नका, टाकी प्लॅस्टिकची आहे. आणि पावसाळ्यात टाकी काठोकाठ भरायची नाही, अर्धी पुरे.

मिठाचा प्रकारही बघा. जेवणातलं बारीक मीठ तळाशी बसून चिखल होतं. बाजारातल्या सुट्या खडे मिठात माती येते, शिवाय समुद्राच्या कच्च्या मिठात थोडं कॅल्शियम-मॅग्नेशियमही असतं, म्हणजे जे काढायचं तेच आपण आत घालतो. सॉफ्टनरसाठी मिळणाऱ्या गोळ्या थोड्या महाग पडतात, पण हेड साफ करायचे कष्ट वाचवतात. खडे मीठच वापरायचं असेल तर वर्षातून दोनदा टाकी रिकामी करून तळाचा गाळ काढायलाच हवा.

एक गैरसमज इथेच मोडून टाकू. जास्त मीठ ओतलं म्हणून रेझिनला जास्त मीठ मिळत नाही. एक लिटर पाण्यात साधारण ३६० ग्रॅमच मीठ विरघळतं. २५ लिटर रेझिनला एका वेळी तीन ते साडेतीन किलो मीठ लागतं, म्हणजे टाकीत तळाशी नऊ-दहा लिटर पाणी हवं. ते पाणी ठरवतो फ्लोट. फ्लोट मिठात रुतला, तिरका झाला, तर पाणी कमी भरतं आणि वर कितीही मीठ असलं तरी उपयोग नाही.

तिसरं कारण आपल्याकडच्या घरांचं खास आहे, आणि माहितीपुस्तिकेत ते क्वचितच ठळक असतं. मिठाचं पाणी ओढायला ऑटोमॅटिक हेडमध्ये मोटर नसते. हेडमधल्या बारीक छिद्रातून पाणी जोरात जातं आणि त्या ओढीनं मीठपाणी खेचलं जातं. त्यासाठी साधारण दीड-दोन बार दाब लागतो. गच्चीवरच्या टाकीतून येणाऱ्या पाण्याला दर दहा मीटर उंचीमागे एक बार मिळतो. एकमजली घरात टाकी पाच मीटरवर असेल तर दाब अर्धा बार. नळाला पाणी छान येतं, पण मीठ ओढलं जात नाही.

म्हणून काही जण सॉफ्टनर बोअरच्या मोटरच्या लाईनवर, गच्चीच्या टाकीच्या आधी बसवतात. दाब भरपूर मिळतो. पण मग नवा घोळ होतो. हेडमध्ये रिजनरेशनची वेळ बऱ्याचदा कंपनीकडूनच रात्री २ ची लावलेली असते. त्या वेळी मोटर बंद. मशीन आपलं फिरून घेतं, आत पाण्याचा थेंब येत नाही, आणि सकाळी स्क्रीनवर सगळं ठीक दिसतं. त्यात लाईट गेली आणि हेडमध्ये बॅटरी नसली, तर घड्याळच मागे पडतं. उपाय एकच, मोटर हमखास चालू असते ती वेळ टाका, नाहीतर मोटर लावून रिजनरेशनचं बटण हातानं दाबा. मोटर फार जोराची असेल तर आणखी एक अडचण येते. पाणी मण्यांवरून इतक्या वेगानं पळतं की अदलाबदलीला वेळच मिळत नाही. तिथे कॉक थोडा दाबून प्रवाह कमी केला तरी फरक पडतो.

दाब बरोबर आहे, वेळ बरोबर आहे, तरी मीठ तसंच? मग ते बारीक छिद्र, म्हणजे इंजेक्टर, गाळानं तुंबलेलं असणार. हे काम घरी होतं, पण क्रम पाळा. प्लग काढा, पाणी बंद करा, नळ उघडून आतला दाब सोडा, मगच स्क्रू खोला. खोलण्याआधी मोबाईलवर फोटो काढून ठेवा. इंजेक्टर आणि त्याची जाळी कोमट पाण्यात धुवा, छिद्र लाकडी काडीनं साफ करा. सुई किंवा तार घातली तर छिद्र मोठं होतं आणि ओढ कायमची बिघडते.

पिवळं पाणी, खारट पाणी आणि बादलीतले मणी

बोअरचं पाणी काढताना स्वच्छ आणि बादलीत तासभर ठेवल्यावर पिवळं होत असेल, तर त्यात विरघळलेलं लोह आहे. हे लोह मण्यांवर गंजाचा थर चढवतं आणि 'रेझिन गेलं' या निदानाला थोडा आधार मिळतो. पण असं रेझिन बऱ्याचदा सायट्रिक ॲसिडच्या पाण्यानं धुऊन परत आणता येतं. प्रमाण आपल्या मशीनच्या पुस्तिकेत बघा, आणि धुतल्यावर भरपूर पाण्यानं मोरीत सोडून टाका. एक गोष्ट मात्र जीवावरची आहे. त्याच वेळी टाकीत ब्लीचिंग पावडर अजिबात नको. ॲसिड आणि ब्लीचिंग एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. पाण्यात लोह जास्तच असेल तर सॉफ्टनरच्या आधी वेगळा लोहाचा फिल्टर लागतो, वारंवार धुणं हा उपाय नाही.

पाणी खारट लागत असेल तर शेवटची धुणी अपुरी पडली आहे. मोरीत जाणारा पाईप कुठे दबलाय, वाकलाय, तोंडाशी तुंबलाय ते बघा. आणि बादलीत बारीक सोनेरी मणी दिसले, तर टाकीतली तळाची जाळी फुटलेली आहे. तिथे थांबा. टाकी रिकामी करणं, जाळी बदलणं, फायबरच्या टाकीला तडा असणं, हेडचं सर्किट जाणं, ही कामं मेकॅनिकची.

रेझिन खरंच गेलंय हे केव्हा म्हणायचं? मीठ व्यवस्थित उतरतंय, दाब आहे, वेळ बरोबर आहे, लोहाची धुलाई झाली, आणि रिजनरेशननंतर लगेच घेतलेल्या पाण्यातही हार्डनेस जवळपास तेवढाच येतोय, तेव्हा.

पिण्याच्या पाण्याचं काय?

सॉफ्टनर जंतू मारत नाही, फ्लोराईड किंवा नायट्रेट काढत नाही. त्याचं काम आंघोळ, कपडे, गिझर. शिवाय ४०० हार्डनेस पूर्ण काढला तर प्रत्येक लिटरमध्ये सुमारे १८४ मिलिग्रॅम सोडियम वाढतं. घरात रक्तदाबाचा किंवा किडनीचा रुग्ण असेल, मीठ कमी करायला सांगितलं असेल, तर स्वयंपाकघरातला पिण्याचा नळ सॉफ्टनरपासून वेगळा ठेवा आणि डॉक्टरांना विचारा. आरओ असेल तर प्रश्न कमी होतो, उलट मऊ पाण्यावर आरओच्या मेम्ब्रेनवर थरही कमी बसतो.

मोरीतलं पाणी कुठे जातं?

प्रत्येक रिजनरेशनला शंभर-दोनशे लिटर खारट पाणी बाहेर पडतं. गावाकडे घरामागे परसबाग किंवा लगेच धानाची बांधी असते, आणि पाईप तिकडेच सोडलेला असतो. 'पाणीच तर आहे' म्हणून.

पण रेझिन जे करतं, तेच शेतातली चिकणमाती फार आधीपासून करत आली आहे. १८५० मध्ये इंग्लंडमध्ये जॉन थॉमस वे यांनी मातीतून खताचं पाणी सोडून बघितलं. मातीनं अमोनिया धरला आणि बदल्यात कॅल्शियम सोडलं. आयन अदलाबदलीचा शोध असा शेतीतून आला, सॉफ्टनर फार नंतरचा. सॉफ्टनरचं खारट पाणी सतत एकाच जागी पडलं की मातीवर सोडियम चढत जातं. माती कोरडी असताना दगडासारखी आणि ओली असताना चिकट होते, पाणी मुरत नाही. शेतकरी हिला चोपण जमीन म्हणतात. तिच्यात जिप्सम टाकतात ते यासाठीच, जिप्सममधलं कॅल्शियम सोडियमला हुसकावून लावतं.

म्हणून हा पाईप परसबागेत, बांधीत, विहिरीजवळ किंवा बोअरच्या शोषखड्ड्यात सोडू नये. शोषखड्ड्यातून तेच मीठ पुन्हा आपल्याच बोअरमध्ये उतरू शकतं. गटाराची सोय असेल तर तिकडे जोडा. नसेल तर निदान रिजनरेशन गरजेपेक्षा जास्त वेळा होणार नाही असं सेटिंग ठेवा, आणि त्यासाठी पुन्हा तो हार्डनेसचा आकडाच हाताशी लागतो.