मामांचं ट्रॉफीचं दुकान आणि २०० मगांचा धडा

आजच्या भागाची ही लिखित आवृत्ती. गाडीवर ऐकताना आकडे निसटले असतील, तर इथे निवांत वाचा.

माझ्या मामांचं चंद्रपुरात ट्रॉफी-मोमेंटोचं छोटं दुकान आहे. मी पुण्यात कोडिंग करतो, पण बी.टेक. झालेला भाचा म्हणजे घरचा फुकट सल्लागार! ट्रॉफीचा धंदा सीझनचा. गॅदरिंग, कबड्डीचे सामने, २६ जानेवारी. मे महिन्यात पारा ४५च्या पुढे गेला की दुकानात फक्त कूलरचा आवाज.

मागच्या वर्षी मामा म्हणाले, "बाबू, पेन-मगावर कंपन्यायचे नावं छापून देलं, तर आपल्याले जमते का?"

जमतं. गिऱ्हाईक इथेच आहे: कोळसा खाणी, वीज केंद्र, सिमेंट कारखाने, ताडोबाचे रिसॉर्ट, कोचिंग क्लासेस. पण ट्रॉफी एकेक विकली जाते, प्रमोशनल वस्तू शेकड्यात. चूकही मग शेकड्यातच होते.

आमची झाली. एका ऑफिसचे २०० मग. लोगो व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून आला, ॲडव्हान्स घेतला नाही. माल बघून ते म्हणाले, "हा आमचा निळा नाही." ९० रुपये खर्च धरला तरी १८,००० रुपये गेले. मामी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

त्यातून शिकलो ते असं:

१. आधी असलेलं मशीन वापरा. ट्रॉफीवर नाव कोरणारं सीओटू लेझर लाकूड, बांबू, ॲक्रिलिकवर छान चालतं. रंगीत कोटिंगच्या स्टील बाटलीवरचं कोटिंग उडवून लोगो काढतं, कोऱ्या स्टीलवर मात्र नाही. आणि पीव्हीसी रेक्झिन कधीच लेझरखाली घालू नका, विषारी क्लोरीनयुक्त वायू निघतो.

२. मगाची छपाई वेगळी. सब्लिमेशनमध्ये उष्णतेने शाईची वाफ होऊन पॉलिस्टर कोटिंगमध्ये मुरते. म्हणून कोटिंगवाला पांढरा मगच लागतो. साध्या सुती टी-शर्टवर ती टिकत नाही.

३. लोगोची मूळ फाईल मागा. सीडीआर किंवा पीडीएफ. व्हॉट्सॲपवर पाठवायचीच, तर 'डॉक्युमेंट' म्हणून. फोटो म्हणून पाठवली की ती दाबली जाते.

४. एक नमुना, लेखी होकार, ५० टक्के ॲडव्हान्स. मगच बाकीचे १९९.

५. माल भरून ठेवू नका. नमुन्यांची एक पेटी पुरे.

आता मामा बांबूच्या पेन स्टँडवर भर देतात. चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे, बांबूचं काम करणारे हात जवळपास आहेत. दिल्लीहून येणारा प्लास्टिक पेन सगळेच विकतात. बांबूची वस्तू पाहुणा 'चंद्रपूरची' म्हणून घरी नेतो.

यंदा मे महिन्यात मामांचा फोन आला, "बाबू, नंतर बोलतो, गिऱ्हाईक आहे." इतक्या आनंदाने फोन कट झालेला मी पहिल्यांदाच ऐकला!

तुमच्या घरच्या दुकानाची गोष्ट असेल, तर व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या भागात.