चाहत्यांची कृतज्ञता आणि इतिहासाचे प्रामाण्य : बीटल्सचे इतिहासकार मार्क लुइसन

ज्या विषयावर लोकांचे अतोनात प्रेम असते त्याचा चिकित्सक इतिहास लिहिणाऱ्याच्या वाट्याला बहुधा रोष येतो. प्रेमाला आख्यायिका प्रिय असतात. चिकित्सेला त्या मानवत नाहीत. हा झगडा मराठी वाचकाला नवा नाही. बखरीतला एखादा रम्य प्रसंग अस्सल कागदाने खोटा ठरविला म्हणजे केवढा गहजब उडतो, हे राजवाड्यांच्या काळापासून महाराष्ट्राने अनेकदा पाहिले आहे. इंग्लंडातील बीटल्स या जगप्रसिद्ध रॉक गायक-वादक चौकडीच्या बाबतीत मात्र निराळाच प्रकार दृष्टीस पडतो. या चौकडीचे इतिहासकार मार्क लुइसन यांनी चाहत्यांच्या कित्येक लाडक्या कथा निकालात काढल्या. आणि तरीही, किंबहुना त्यामुळेच, चाहत्यांनी त्यांना जो मान दिला तो एरव्ही प्रत्यक्ष कलावंतांनाच लाभतो. ही कृतज्ञता नेमकी कशाबद्दल आहे आणि इतिहासाच्या अभ्यासाला ती कितपत पोषक आहे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम साधनांची स्थिती पाहिली पाहिजे. जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी, जॉर्ज हॅरिसन व रिंगो स्टार या चौघांचा एकत्र ध्वनिमुद्रणाचा काळ १९६२ ते १९७० एवढाच आहे. काळ अगदी अलीकडचा, साक्षीदार असंख्य, आणि वृत्तपत्रांनी पदोपदी पाठलाग केलेला. अशा विषयात संशयाला जागा ती किती असावयाची, असे वाटणे स्वाभाविक आहे. वस्तुतः कागदांच्या अभावी इतिहास जसा अंधारात राहतो तसाच साक्षीदारांच्या अतिबोलण्याने तो झाकोळतो. त्याच त्या प्रश्नाला शेकडो वेळा उत्तर देणाऱ्या माणसाला अखेर प्रसंग आठवत नाही, आपले उत्तर तेवढे आठवते. हंटर डेव्हिस यांचे अधिकृत चरित्र १९६८ साली प्रसिद्ध झाले. तेव्हा चौघेही हयात होते, एकत्र होते व लेखकाशी मोकळेपणाने बोलत होते. तरीसुद्धा लेनन व मॅकार्टनी यांच्या पहिल्या भेटीची तारीख त्यात १५ जून १९५६ अशी पडली. ती भेट लिव्हरपूलच्या वूल्टन भागात सेंट पीटर चर्चच्या जत्रेत ६ जुलै १९५७ रोजी झाली, हे पुढे निश्चित झाले. ज्या भेटीतून सगळे पुढचे घडले तिच्याच तारखेत एक वर्षाहून अधिक चूक, आणि तीही भेटलेल्या दोघांच्या डोळ्यांदेखत!

एरिन टॉर्केलसन वेबर या अमेरिकन अभ्यासिकेने २०१६ साली या साऱ्या लेखनाचा इतिहासशास्त्राच्या दृष्टीने परामर्श घेतला. त्यांच्या मते बीटल्सची कथा चार वेगवेगळ्या रूपांनी सांगितली गेली. आरंभी चार जिवलग मित्रांची गोजिरी कथा होती. चौकडी फुटल्यावर लेनन यांनी १९७० अखेर दिलेल्या दीर्घ मुलाखतीने तिची जागा कडवट आत्मनिवेदनाने घेतली. १९८० साली लेनन यांची हत्या झाली आणि पुढच्याच वर्षी फिलिप नॉर्मन यांचे ‘शाउट!’ आले, त्यात लेनन हेच प्रतिभावंत आणि इतर त्यांच्या मागून चालणारे, असा झुकता तोल होता. चौथे रूप लुइसन यांचे. पहिल्या तिन्हींत सांगणारा कोणाच्या तरी बाजूचा असतो. चौथ्यात तो कागदाच्या बाजूचा आहे. हा भेद ठोकळ आहे खरा, परंतु चाहत्यांची कृतज्ञता समजून घेण्यास उपयोगी पडतो.

लुइसन यांचा जन्म लंडनमध्ये १९५८ साली झाला. म्हणजे चौकडी फुटली तेव्हा ते बारा वर्षांचेही पुरते नव्हते. ही गोष्ट वाटते तितकी क्षुल्लक नाही. ज्याला स्वतःची आठवण राखावयाची नसते, ‘त्या वेळी मी तेथे होतो’ असे ज्याला म्हणता येत नाही, त्याला सर्व काही शोधूनच काढावे लागते. चाहत्यांची ती पिढीच अशी होती. तबकड्या गोळा करणे, कार्यक्रमांच्या याद्या करणे, तारखा ताडून पाहणे हा तिचा छंद. आणि विद्यापीठांनी या विषयाकडे ढुंकूनही पाहिले नव्हते त्या काळात या छंदानेच विषयाची पहिली सूची सिद्ध केली. १९६३ ते १९६९ या काळात निघालेले व १९७६ पासून पुन्हा सुरू झालेले ‘द बीटल्स बुक’ हे मासिक या मंडळींचे व्यासपीठ होते. लुइसन त्यात लिहीत असत. नॉर्मन यांच्या उपरोक्त ग्रंथासाठी साधनसंशोधनाचे कामही त्यांनी केले. सारांश, ते चाहत्यांच्या समाजाबाहेरून आलेले पंडित नव्हेत. त्या समाजाने आपल्यातूनच एक इतिहासकार घडविला, आणि त्यामुळे त्यांच्या सन्मानात थोडा स्वतःचाही सन्मान आहे.

१९८६ साली ‘द बीटल्स लाइव्ह!’ हा चौकडीच्या जाहीर कार्यक्रमांचा कालानुक्रम प्रसिद्ध झाला. त्यानंतर ईएमआय या ध्वनिमुद्रिका कंपनीने लुइसन यांना लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओतील बीटल्सच्या मूळ ध्वनिफिती ऐकण्याची अनुज्ञा दिली. या श्रवणातून १९८८ साली ‘द कम्प्लीट बीटल्स रेकॉर्डिंग सेशन्स’ हा ग्रंथ निर्माण झाला. कोणत्या दिवशी, कोणत्या गीताचे, कितव्या प्रयत्नात, कोणाकोणाच्या उपस्थितीत मुद्रण झाले, याची ही दिनवही आहे. वरकरणी रूक्ष, तथापि चाहत्यांनी ती कादंबरीसारखी वाचली.

का वाचली, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. ‘लव्ह मी डू’ हे चौकडीचे पहिले गाजलेले गीत १९६२ साली तीन वेळा मुद्रित झाले आणि तिन्ही वेळा ड्रमवादक वेगळा होता. ६ जूनला पीट बेस्ट होते. त्यांना ऑगस्टमध्ये काढून टाकण्यात आले. ४ सप्टेंबरला रिंगो स्टार यांनी वादन केले. ते निर्माते जॉर्ज मार्टिन यांच्या मंडळींना पसंत न पडल्यामुळे ११ सप्टेंबरला अँडी व्हाइट या व्यावसायिक वादकाला पाचारण करण्यात आले आणि रिंगो यांच्या हाती खंजिरी देण्यात आली. ५ ऑक्टोबरला बाजारात आलेल्या पहिल्या तबकडीवर खंजिरी नाही. पुढील वर्षीच्या दीर्घ तबकडीवर ती ऐकू येते. दीर्घकाळ बहुसंख्य श्रोते ही दोन्ही मुद्रणे एकच समजून ऐकत होते. दिनवही हाती आल्यावर कोणाही श्रोत्याला घरातल्या तबकडीवर स्वतःच्या कानांनी निर्णय करता येऊ लागला. इतिहासाचे विधान वाचकाला तेथल्या तेथे पडताळून पाहता यावे, ही सोय फार थोड्या इतिहासकारांच्या वाचकांना लाभते. आणि त्या खंजिरीत एका तरुणाचा अपमान व दुसऱ्याचे हुकलेले भाग्य दडलेले आहे, हे उमगल्यावर दिनवही रूक्ष राहत नाही.

लुइसन यांचे मुख्य कार्य म्हणजे ‘ऑल दीज इयर्स’ हा त्रिखंडात्मक संकल्पित इतिहास. त्याचा पहिला खंड ‘ट्यून इन’ सुमारे दहा वर्षांच्या परिश्रमानंतर २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्याची विस्तृत आवृत्ती जवळजवळ सतराशे पृष्ठांची आहे आणि ती १९६२ च्या अखेरीस, म्हणजे चौकडीची खरी कीर्ती सुरू होण्यापूर्वीच, थांबते. हा ग्रंथ चौघांच्या किंवा त्यांच्या वारसांच्या संमतीने लिहिलेला नाही. आख्यायिकांवरचा खरा आघात येथे झाला. लेनन यांच्या बालपणीची एक हृदयद्रावक कथा सर्वश्रुत होती : १९४६ साली ब्लॅकपूल येथे आईवडिलांनी पाच वर्षांच्या मुलाला ‘तू कोणाकडे राहणार?’ असे विचारले. मुलाने प्रथम वडिलांचे नाव घेतले आणि मग रडत आईच्या मागे धाव घेतली. लेनन यांच्या स्वभावाची, गीतांची, दुःखाची किल्ली म्हणून चरित्रकारांनी ती वारंवार वापरली. ज्या घरी हे घडले त्या घरातील साक्षीदाराला लुइसन यांनी गाठले, आणि असा निवाडा मुलावर सोपविलाच गेला नव्हता, अशी त्याची साक्ष मिळाली. किल्ली गेली. ज्यांनी तिच्या आधारे गीते समजून घेतली होती त्यांचे काहीतरी खरोखरच हिरावले गेले, हे मान्य केले पाहिजे.

दुसरे उदाहरण करारपत्राचे. ६ जून १९६२ ही चौकडीची परीक्षा होती. तीत मार्टिन यांना गाण्यापेक्षा या पोरांचा विनोदी स्वभाव आवडला आणि त्यांनी त्यांना पदरी घेतले, अशी कथा मार्टिन स्वतःही सांगत असत. कागदपत्रांवरून दिसते ते असे की, करारपत्रावर ४ जूनची तारीख आहे आणि त्याची तयारी मार्टिन यांची चौकडीशी गाठ पडण्यापूर्वीच चालू झाली होती. लुइसन यांच्या प्रतिपादनानुसार गीतांचे प्रकाशनाधिकार हवे असलेल्या ईएमआयच्याच एका शाखेचा आग्रह व वरिष्ठांचा हुकूम यांमुळे मार्टिन यांच्यावर ही चौकडी लादली गेली. येथे अभ्यासकाने एक विवेक राखावयास हवा. तारखांचा क्रम कागदावर उभा आहे. हेतूचा भाग मात्र बराचसा त्या कचेऱ्यांतील माणसांच्या उत्तरकालीन आठवणींवर उभा आहे. आठवणीला कागदाने हटविले, पण कागदाचा अर्थ लावण्यास पुन्हा आठवणच लागली. चाहत्यांच्या बोलण्यात हे दोन्ही भाग ‘लुइसनने सिद्ध केले’ या एका वाक्यात मिसळून जातात.

कृतज्ञतेचा धोका तो हाच. चौघांविषयीची भक्ती चिकित्सेने ओसरली, तरी तीच भक्ती चिकित्सकाकडे वळू शकते. पहिल्या खंडाच्या वेळी दुसरा २०२० च्या सुमारास अपेक्षित होता; दहा वर्षे उलटून गेली तरी तो आलेला नव्हता. दरम्यान साक्षीदार एकामागून एक दिवंगत होत गेले. मार्टिन स्वतः २०१६ साली निवर्तले. त्यांच्यापैकी पुष्कळांच्या मुलाखती एकाच माणसाच्या टिपणांत आहेत. म्हणून चाहत्यांच्या उत्कंठेत गाण्यांच्या प्रेमाइतकीच एक चिंताही मिसळलेली आहे : ग्रंथ पुरा होईपर्यंत ग्रंथकार आणि वाचक दोघेही टिकतील ना?

तथापि या समाजात भक्तीवर उताराही आहे. २०१९ साली लुइसन यांनी ८ सप्टेंबर १९६९ च्या एका बैठकीची ध्वनिफीत चर्चेत आणली. रिंगो रुग्णालयात असताना उरलेले तिघे पुढच्या ध्वनिमुद्रिकेची आणि तीत कोणाची किती गीते असावीत याची बोलणी करीत आहेत, असे तीत ऐकू येते. ‘ॲबी रोड’ ही आपली अखेरची कृती हे चौघांना ठाऊक होते, या रूढ समजुतीला तिने धक्का दिला. वृत्तपत्रांनी हा नवा शोध म्हणून गाजविला. जुन्या चाहत्यांनी मात्र ताबडतोब दाखवून दिले की, या बैठकीची हकीकत लेनन यांचे साहाय्यक अँथनी फॉसेट यांच्या १९७६ च्या पुस्तकात आली होती. ‘ट्यून इन’मधील काही अवतरणांची जुळणी वेगवेगळ्या वेळच्या विधानांतून झाली आहे, असा आक्षेपही तो ग्रंथ पानोपानी तपासणाऱ्या चाहत्यांनीच घेतला. असे आक्षेप घेणारे लुइसन यांचे विरोधी आहेत असे समजणे चूक ठरेल. तळटीप तपासावी ही सवय त्यांना ज्याने लावली त्याच्याच तळटिपा ते तपासतात, आणि हे ऋण फेडण्याचा याहून उचित मार्ग सुचविणे कठीण आहे.

या दिनवहीत भारताचाही एक कोपरा आहे. एप्रिल १९६६ मध्ये हॅरिसन यांच्या ‘लव्ह यू टू’ या गीतासाठी लंडनमध्ये तबला वाजविणारे अनिल भागवत यांचे नाव ‘रिव्हॉल्व्हर’ या ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर छापले गेले होते. सुमारे वीस वर्षांनी लुइसन यांनी त्यांचा शोध घेतला आणि त्या संध्याकाळची त्यांची हकीकत १९८८ च्या ग्रंथात नोंदविली. जानेवारी १९६८ मध्ये हॅरिसन यांनी मुंबईतील एचएमव्हीच्या स्टुडिओत भारतीय वादकांकडून ‘द इनर लाइट’ या गीताचे वाद्यसंगीत मुद्रित करून घेतले; त्याचीही नोंद तेथे आहे. १९६७ च्या ‘सार्जंट पेपर’मधील ‘विदिन यू विदाउट यू’ या गीतातील वादकांना मात्र हे भाग्य लाभले नाही. वेष्टनावर त्यांचा नामोल्लेख नव्हता, आणि त्या गीताची कोट्यवधी वेळा पारायणे झाली तरी दिलरुबा वाजविणारे अन्ना जोशी व अमृत गज्जर, तंबोऱ्यावरचे बुद्धदेव कंसारा आणि तबल्यावरचे नटवर सोनी ही नावे लोकांपुढे येण्यास २०१७ साल उजाडावे लागले.