पावसात शेकोटी? पेटते की!

समज, तू फिनलंडच्या जंगलात आहेस. दिवसभर पाऊस पडलाय. झाडं भिजली, काटक्या भिजल्या, तुझे मोजेसुद्धा भिजले! आता शेकोटी पेटवायची कशी?

तिथे रानात जाणाऱ्यांच्या कमरेला चामड्याच्या म्यानात एक सुरी असते. तिचं नाव पूक्को. पातं आखूड, मूठ बहुतेक वेळा बर्चच्या लाकडाची. बर्च म्हणजे आपल्या हिमालयातल्या भूर्ज वृक्षाचा भाऊबंदच!

आधी शोधायचं उभ्याउभ्याच वाळलेलं झाड. त्याचं मनगटाएवढं जाड लाकूड घ्यायचं. वरून ओलं असेना का, आत ते कोरडंठाक असतं! पण आत जायचं कसं?

लाकूड उभं ठेवायचं. डोक्यावर पातं टेकवायचं आणि पात्याच्या पाठीवर दांडक्याने ठोकायचं. ठक! ठक! (हे काम मोठ्यांचं बरं का. तू लांब उभा राहून बघ.) लाकडाचे धागे खालून वर उभे गेलेले असतात. म्हणून एकदा तडा गेला की तो पात्याच्याही पुढे धावतो! धार मागेच राहते. पात्याचं जाड अंग दोन्ही बाजूंना रेटतं आणि लाकूड दुभंगतं.

घडीचा चाकू इथे चालत नाही. तुझ्या कंपासपेटीतला कर्कटक आठव. सांध्याशीच खिळखिळा होतो ना? पूक्कोला सांधाच नाही! तिच्या पात्याचं पोलाद थेट मुठीच्या आत शिरलेलं असतं.

आता कोरड्या फाकेवर सुरी हलकेच सरकवायची. टोकयंत्रातून पेन्सिलीची निघते तशी पातळ, कुरळी साल निघते. पण ती तोडायची नाही, काडीलाच लटकती ठेवायची. काडीला जणू पिसंच फुटतात! जाड लाकडाला दिलेली उष्णता आत आत पसरून जाते. कागदासारख्या पातळ पिसाला मात्र ती जिरवायला जागाच नसते. ते पटकन तापतं आणि भुर्रकन पेटतं!

आणि ठिणगी? ओळख, ती सुरीच्या कुठल्या भागाने पाडतात?

पाठीने! 1903 मध्ये कार्ल आउअर फॉन वेल्सबाख या ऑस्ट्रियाच्या रसायनशास्त्रज्ञाने सेरियम आणि लोखंड असलेल्या एका मिश्रधातूचं पेटंट घेतलं. या मिश्रधातूच्या कांडीवर सुरीच्या पाठीची काटकोनी कड जोरात खरवडली की बारीक चुरा उडतो. हवेतला ऑक्सिजन लागतो न लागतो तोच चुऱ्याचा कण न् कण पेटतो! ठिणगी किती तापते ठाऊक आहे? सुमारे 3000 अंश सेल्सिअस! लोखंड तर 1538 अंशांनाच वितळतं.

ठिणग्या पडतात बर्चच्या सालीच्या भुश्यावर. ही साल इतकी तेलकट की ओलसर असली तरी पेट घेते. मग पिसं पेटतात, मग फाका.

आणि ठिणगी पाडताना धार? तिला तर हातही लावला नाही!